पायावर निभावलं

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. श्रीरंग खांबेट्यांसमोर बर्फाचा विषय काढायचा नाही. फावडं कुठल्या दुकानात चांगलं मिळतं, विंटर टायर घालावेत की नाही, काहीही विचारा. तिसऱ्या वाक्याला गृहस्थ नेत्रावर येत. नेत्रा ही त्यांची एकुलती एक मुलगी, पेशाने स्नोबोर्डर. एकदा गाडी तिच्यावर आली की ऐकणाऱ्याची सुटका नसे. सहाव्या वर्षी बोर्डवर कशी उभी राहिली, चौदाव्या वर्षी घर सोडून कोलोराडोला कशी गेली, एकोणिसाव्या वर्षी वर्ल्ड कपात तिसरी आली तेव्हा कॉमेंट्री करणाऱ्याने खांबेटे या आडनावाचं कसं भरीत केलं, सगळं ओळीने येई. तुंबलेलं सिंक उघडायला आलेल्या प्लंबरलासुद्धा त्यांनी एकदा हा अध्याय इंग्रजीतून ऐकवला होता. तो बिचारा तासावर काम करणारा असल्यामुळे शांतपणे ऐकत बसला.

म्हणून महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष परीक्षित याने मार्चमध्ये फोन केला, तेव्हा त्याला वाटलं आपण काकांना खाऊच देतोय.

"काका, पाडव्याच्या प्रोग्रॅमला नेत्राचा सत्कार करायचाय. कमिटीने फायनल केलंय. परिचय तुम्हीच लिहा आणि तुम्हीच वाचा. तुमचं काय, तोंडपाठ आहे सगळं!"

"बघतो," श्रीरंग म्हणाले.

"बघतो काय, काका? दहा मिनिटं देतो तुम्हाला. दहा! मिनिस्टरला पण नाही देत यार आम्ही."

"बघतो म्हटलं ना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिकडे परीक्षित फोनकडे बघतच राहिला असणार.

श्रीरंगांनी लॅपटॉप उघडला. 'नेत्रा खांबेटे हिचा जन्म नोव्हायचा' एवढं टाइप केलं आणि बोटं थांबली. तोंडपाठ असलेलं लिहिता येऊ नये, याला कारण होतं. ते कारण त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं आणि सांगायची हिंमतही नव्हती.

तसं पाहिलं तर सुरुवात त्यांनीच करून दिली होती. मिशिगनच्या या भागात डोंगर नाहीत. जमीन पोळपाटासारखी सपाट. त्यातल्या त्यात एक उंचवटा गाठून लोकांनी त्याच्यावर यंत्राने बर्फ पसरला आणि त्याला रिसॉर्ट म्हणायला सुरुवात केली. शाळेच्या क्लबाबरोबर नेत्रा तिथे गेली आणि संध्याकाळी घरी यायलाच तयार होईना. मग दर आठवड्याला श्रीरंग तिला घेऊन जात, स्वतः गाडीत हीटर लावून बसत आणि काचेतून बघत. पोरगी पडे, उठे, पुन्हा वर जाई. बापाला भारी अभिमान वाटे.

नेत्राच्या प्रकाराला स्लोपस्टाइल म्हणतात. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे, उतारावरून सुटायचं, वाटेतल्या लोखंडी रेलिंगांवरून घसरत जायचं आणि मग घराएवढं उंच उडून, हवेत गिरक्या घेऊन, पुन्हा त्याच पायांवर उतरायचं. तिची आई विनीताबाई यांचं या खेळाबद्दलचं मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. "हातपाय मोडूनच घ्यायचे असतील तर घरच्या जिन्यावरून पड, तिथे निदान कार्पेट आहे," असं त्या म्हणत. मायलेकींची त्यावरून कडाक्याची भांडणं होत. श्रीरंग मध्ये पडत आणि नेहमी मुलीच्या बाजूने पडत.

स्वतः श्रीरंग गाड्यांच्या कंपनीत टक्कर-चाचण्यांचे इंजिनियर होते. नव्या गाडीत माणसाच्या मापाचे पुतळे बसवायचे, गाडी भिंतीवर आपटायची आणि पुतळ्यांचं काय काय मोडलं ते मोजायचं. उभा जन्म त्यांनी हेच केलं. मान किती झटका सोसते, कवटी किती, मांडीचं हाड किती, हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे येत. आणि त्या कामातून त्यांच्या डोक्यात एक गणित कायमचं बसलं होतं: पाय मोडला तर माणूस वाचला म्हणायचा, मार वर गेला तर संपलं.

नेत्राला बापाच्या या कामाचं कोण कौतुक! तिच्या नावाचा बोर्ड बाजारात आला तेव्हा कंपनीला त्याच्या तळावर काहीतरी इंडियन हवं होतं, मोर नाहीतर कमळ. तिने पुतळ्यांच्या अंगावर असते तशी काळी-पिवळी चकती काढायला लावली आणि मुलाखतीत सांगून टाकलं, "दॅट्स माय डॅड." प्रत्येक फायनलच्या आधी ती न चुकता घरी फोन करी. "बाबा, जाऊ?" एवढंच विचारी. बाबा म्हणत, "मार उडी." मग ती हसे आणि फोन बंद होई.

फोन बंद झाल्यावर बाबा काय करत, ते तिला माहीत नव्हतं. ते बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावत. टीव्हीसमोर विनीताबाई एकट्या बसत आणि काही वेळाने ओरडत, "उतरली हो!" त्यानंतर गृहस्थ बाहेर येत आणि पुन्हा बघताना असं काही टाळ्या वाजवत, की बघणाऱ्याला वाटावं हे मघापासून इथेच होते.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात नेत्रा डोक्यावर पडली. हेल्मेट होतं म्हणून वाचली. पुढे बरेच दिवस ती फोनवर एकच प्रश्न विचारी, "बाबा, आई घरी आहे का?" आहे म्हणून सांगितलं की "ओके" म्हणे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. हळूहळू बरी झाली आणि बोर्डवर परत गेली. पहिल्याच स्पर्धेला फोन आला, "बाबा, जाऊ?" आणि श्रीरंग म्हणाले, "मार उडी." दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं छाती फुगवून गावभर मिरवलेल्या बापाने कुठल्या तोंडाने म्हणायचं, की बाई गं, बास कर आता?

जिला म्हणायचं तिला म्हणता येईना, म्हणून ते भलतीकडेच जाऊन म्हणाले.

श्रीरंगांचा देवाशी संबंध आरतीपुरता. नवस म्हणजे लाच, असं ते भर मंडळात सांगत आणि वर हसत. पण सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, विनीताबाईंनी त्यांना प्रसादाचे डबे देवळात पोचवायला पाठवलं. दुपारची वेळ होती. सभागृहात कुणी नव्हतं. डबे ठेवून निघायचं, तर पाय निघेनात. त्यांनी हात जोडले आणि आयुष्यभराच्या सवयीने देवालासुद्धा स्पेसिफिकेशन दिलं.

"डोक्याला धक्का लावू नकोस. मानेला नाही, पाठीच्या कण्याला नाही. घ्यायचंच असेल तर पायावर घे. पण तिचा हा खेळ सुटू दे. सुटला, तर घरापासून इथपर्यंत अनवाणी चालत येईन."

बाहेर येऊन बूट घालताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. घरी गेल्यावर विनीताबाईंनी विचारलं, "इतका वेळ?" तर म्हणाले, पार्किंग मिळेना. त्या भल्या मोठ्या पार्किंगमध्ये तेव्हा त्यांची एकच गाडी उभी होती.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं आपण म्हणतो. इथे जेवढं मागितलं तेवढंच देवाने दिलं, काडीचाही फरक केला नाही. जानेवारीत ऑलिम्पिकच्या टीमसाठी शेवटची स्पर्धा होती आणि नेत्राची जागा जवळजवळ नक्की होती. फोन आला, मार उडी म्हणून झालं, श्रीरंगांनी कडी लावली. बाहेरून "उतरली हो" आलंच नाही. डाव्या गुडघ्यातली लिगामेंट्स तुटली होती आणि नडगीचं हाड वरच्या बाजूला फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी कोलोराडोच्या हॉस्पिटलात सर्जनने त्यांना फोटो दाखवत समजावलं, की मुलीचं नशीब चांगलं. डोक्याला काही नाही. मानेला नाही. पाठीच्या कण्याला नाही. श्रीरंगांनी ज्या क्रमाने मागितलं होतं, त्याच क्रमाने तो बोलत होता. 

ऑपरेशननंतर नेत्रा नोव्हायला घरी आली. समाचाराला माणसांची रीघ लागली. विनीताबाईंची मैत्रीण सीमा मोठा डबाभर मुगाची खिचडी घेऊन आली आणि नेत्राच्या पायाकडे बघून म्हणाली, "जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं, श्रीरंगभावजी. देवाने ऐकलं हो तुमचं." साधं बोलणं, आपल्याकडे कुणीही असंच म्हणेल. श्रीरंग उठले, गॅरेजमध्ये गेले आणि सीमाची गाडी जाईपर्यंत तिथेच हातोड्या-पाने लावत बसले.

यापेक्षा वाईट गोष्ट घरातच चालू होती. विनीताबाईंनी सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. "माझी जीभ काळी आहे," त्या म्हणत. "उठता-बसता पोरीला म्हणायचे, पाय मोडून घेशील, पाय मोडून घेशील. घेतला ना मोडून! आईने असं बोलू नये हो." स्वयंपाक करता करता त्यांचे डोळे भरून येत. आणि श्रीरंग, हे विज्ञाननिष्ठ गृहस्थ, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "वेडी आहेस का तू? बोलण्याने कुणाची हाडं मोडतात का? तसं काही नसतं." किती समजूतदारपणे म्हणत! म्हणताना घशाशी आलेलं खरं ते पुन्हा गिळत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, पण इथे खवखव एकाला आणि खोकला दुसऱ्याला अशी तऱ्हा होती.

विनीताबाईंचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. दिवसभर अखंड बोलणारी बाई प्रत्येक शब्द तपासून बाहेर काढू लागली. नेत्रा कुबड्या घेऊन जिना चढू लागली की त्या खाली ओठ मिटून उभ्या राहत, पण "सांभाळ" म्हणूनसुद्धा म्हणत नसत. फेब्रुवारीत तिघांनी सोफ्यावर बसून ऑलिम्पिक बघितलं. पायावर बर्फाची पिशवी ठेवून नेत्रा एकेक उडी समजावून सांगत होती, कुणी कुठे चुकलं, कुणाचं काय छान झालं. तिच्या जागेवर निवडलेली मुलगी पाचवी आली, तेव्हा नेत्राने मनापासून टाळ्या वाजवल्या. श्रीरंगांना बाथरूममध्ये जाऊन कडी लावावीशी वाटली, पण आता तिथे जाण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

मग सत्काराच्या आठवड्यात, जेवता जेवता, नेत्रा म्हणाली, "आय थिंक आय अ‍ॅम डन. कोचला सांगितलं मी आज. डॉक्टर म्हणतात गुडघा ठीक होईल, नेक्स्ट सीझनला परत जाऊ शकते. पण डोळे मिटले की मला आता पडणंच दिसतं, उडी दिसतच नाही."

 विनीताबाई इतकी वर्षं ज्यासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या, ते झालं तर बाईंच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नाही.  खेळ सुटला होता. त्यांनी मागितलेलं शेवटचं कलमही पुरं झालं होतं, आणि आता फेडायची पाळी त्यांची होती.

नवस फेडला नाही तर देव दुपटीने वसूल करतो, असं त्यांची आई म्हणायची आणि ते तिला हसायचे. आता हसू येईना. दुपटीने म्हणजे कशाने, हे त्यांना चांगलं कळत होतं. जे जे वगळून मागितलं होतं ते सगळं शिल्लक होतं. पण फेडायचा म्हणजे तरी काय? पोरीचा गुडघा घेतलास, फार उपकार झाले, असं सांगायला अनवाणी जायचं? दोन दिवस त्यांना झोप नाही, जेवण नाही. परिचय पहिल्या ओळीच्या पुढे सरकला नव्हता आणि परीक्षितचे मेसेज येतच होते.

शनिवारी संध्याकाळी प्रोग्रॅम होता. सकाळी श्रीरंग वॉकला जातो म्हणून निघाले आणि गॅरेजमध्ये बूटमोजे काढून ठेवून रस्त्याला लागले.

मार्च असला तरी तो मिशिगनचा मार्च. कडेला काळपट बर्फाचे ढीग, रस्त्यावर हिवाळाभर टाकलेल्या मिठाची आणि खडीची कच. पहिल्या चौकापर्यंत तळवे आग आग झाले, दुसऱ्या चौकापर्यंत काही कळेनासं झालं. फुटपाथ संपला तिथून ते गवतातून चालू लागले. कुत्रं फिरवणारी एक बाई त्यांच्या पायांकडे बघून पलीकडच्या बाजूला गेली. एका पिकअपवाल्याने गाडी थांबवून विचारलं, साहेब, तुम्हाला कुठे जायचंय ते आठवतंय का? श्रीरंगांनी सांगितलं, आठवतंय. त्याने मागच्या सीटवरचे स्वतःचे गमबूट देऊ केले. माणूस भला होता. त्याला हात जोडून श्रीरंग पुढे निघाले.

वाटेत ते देवाशी बोलायचा प्रयत्न करत होते, पण आभार मानायला तोंड उघडत नव्हतं आणि माफी मागावी तर ती देवाकडे मागून उपयोग नव्हता.

देऊळ अजून बरंच लांब होतं, तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. त्यांचीच गाडी होती, सगळे दिवे लुकलुकत होते. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाचं काम नसल्यामुळे नेत्रा नुकतीच ड्राइव्ह करायला लागली होती आणि फिजिओथेरपीला निघाली होती. तिने काच खाली केली.

"बाबा! व्हेअर आर युवर शूज?"

"वॉकला आलो होतो."

"विदाउट शूज?"

"अगं, हल्ली सांगतात ना, अनवाणी चालणं तब्येतीला..."

"गाडीत बस."

"नको. मला चालायचंय."

"ओके," म्हणून नेत्रा त्यांच्या मागून मुंगीच्या पावलाने गाडी चालवू लागली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. पोरगी हट्टाला पेटली तर देवळापर्यंत अशीच येईल, हे बापाला माहीत होतं. ते गाडीत बसले. तिने हीटर त्यांच्या पायांवर सोडला, जवळच्या एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि त्यांच्याकडे वळली.

"हे टेंपलचं काहीतरी आहे ना? माझी फ्रेंड नैना आहे ना, तिची आजी अशीच चालली होती, नैनाची सर्जरी नीट झाली म्हणून. तू माझ्यासाठी चालतोयस?"

तिचे डोळे भरले होते. श्रीरंगांनी नुसतं हो म्हटलं असतं, तू वाचलीस म्हणून चालतोय असं सांगितलं असतं, तर तिने तिथेच त्यांच्या गळ्यात हात टाकले असते. आणि ते अगदीच खोटं झालं नसतं. हो त्यांच्या ओठांवर आलंही. पण तिच्या सीटमागे आडव्या ठेवलेल्या कुबड्या त्यांना दिसत होत्या, आणि एवढं घेतल्यावर आणखी हेही तिच्याकडून घ्यावं, इतकं त्यांना निर्लज्ज होता येईना.

त्यांनी सांगितलं. गणपतीतली दुपार, काय घेऊ नकोस आणि काय घे, खेळ सुटला तर काय करीन, सगळं. बाथरूमच्या कडीचंही सांगितलं. नेत्रा समोर बघत ऐकत राहिली.

"बाबा, तू इंजिनियर आहेस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी पडले कारण स्पीड कमी होता. समोरून वारा होता, मी थांबायला हवं होतं, थांबले नाही. माय मिस्टेक. देवाने नाही पाडलं मला."

श्रीरंगांच्या छातीवरचं ओझं क्षणभर हललं. "म्हणजे तुला राग नाही आला?"

"त्याचा नाही." ती आता त्यांच्याकडे वळली. "तू मार उडी म्हणायचास. एव्हरी सिंगल टाइम. आई नको म्हणायची, तर मला माहीत होतं ती नको म्हणतेय. मी तिच्याशी भांडायचे. तुझ्याशी भांडायचा चान्सच नाही दिलास तू मला. मला वाटायचं एक माणूस आहे ज्याला भीती वाटत नाही, सो मला पण वाटायची नाही."

श्रीरंगांनी पाय हीटरपासून बाजूला घेतले.

"आणि आता मी सोडलं," नेत्रा म्हणाली. "मी ठरवलं होतं, बाबा. इट वॉज माइन. आता मला कळतच नाहीये, हे मी ठरवलं की तू."

"तुला परत जायचं असेल तर जा. मी..."

"मे बी जाईन. आय डोन्ट नो. पण गेले तर तुला फोन नाही करणार." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि आज संध्याकाळी माझ्याबद्दल तू नको बोलूस. माझं मी बोलेन."

"बरं," ते म्हणाले.

तिने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर तिच्या एकदम काहीतरी लक्षात आलं. "आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"तिला वाटतं तिच्यामुळे झालं."

"हो."

"आणि तू तिला रोज सांगतोस, तसं काही नसतं म्हणून."

 श्रीरंग खिडकीबाहेर बघू लागले. नेत्राने फिजिओथेरपीचं वळण सोडून गाडी घराकडे घेतली.

दार विनीताबाईंनीच उघडलं. त्यांनी आधी श्रीरंगांचा चेहरा पाहिला, मग खाली पाय पाहिले. पाय निळे पडले होते, एका टाचेतून रक्त येत होतं. बाईंना नवसाची चाल ओळखू यायला वेळ लागला नाही. फक्त अर्थ त्यांनी आपल्या मनाचा लावला.

"अहो, तुम्ही देवळात चालत गेला होता?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "माझ्यासाठी? माझ्या जिभेचं लागू नये म्हणून?"

श्रीरंगांनी तोंड उघडलं, पण त्या ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या. विनीताबाईंनी नवऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, टबात गरम पाणी काढलं, मीठ टाकलं आणि खाली बसून स्वतःच्या हाताने त्यांचे पाय पाण्यात सोडले. "तुमचा तर विश्वासही नाही या कशावर. आणि माझ्यासाठी म्हणून इतकं... मला म्हणायचे वेडी, आणि स्वतः काय केलंत बघा!" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. जानेवारीपासून बंद पडलेलं बोलणं धबधब्यासारखं सुटलं होतं. टाच किती फुटलीय, आता ताप येणार, मोजे कुठे ठेवलेत, हळद लावू का, सीमाला सांगते बघा, नवरा असावा तर असा. नेत्रा दाराशी कुबडीवर रेलून उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही, आणि बोलणार नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

कित्येक महिन्यांत बायको इतकी सुखात दिसली नव्हती. आणखी थोडं गप्प बसलं की ती आयुष्यभर असंच समजणार होती.

"विनीता," श्रीरंग म्हणाले, "पाय सोड."

"थांबा हो, अजून कच निघायचीय."

"तुझ्या जिभेने काही झालेलं नाही. मी मागितलं होतं. गणपतीत, देवळात उभं राहून. तिचा पाय घे, पण खेळ सुटू दे, असं मी देवाला सांगितलं होतं."

विनीताबाईंचे हात पाण्यात थांबले. त्यांनी नेत्राकडे पाहिलं. नेत्राने मान खाली घातली, तेव्हा त्यांना खरं वाटलं.

"म्हणजे मी रोज तुमच्यासमोर रडत होते," त्या सावकाश म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवत होतात."

  विनीताबाईंनी त्यांची टाच हातातून सोडली, उठून हात पुसले आणि नेत्राच्या कुबडीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पोरीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि बापाने टबात वाकून आपल्या पायातली कच स्वतःच काढायला घेतली.